सेलमध्ये टाकायची पावडर

मंडळी, ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी नुसती टक् करते, स्टार्टर फिरत नाही. मग कुणीतरी सांगतं, एक पावडर मिळते, प्रत्येक सेलमध्ये चिमूटभर टाका, वर्ष-दोन वर्षं सहज निघतील. माझ्या वडिलांनी टाकली होती, आणि बॅटरी चालूही झाली! ती का चालू झाली, ते नीट समजून घेऊ.

बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते बारीक असतं, परत निघून जातं. अर्धवट उतरलेली बॅटरी महिनाभर पडून राहिली की त्याचे खडे मोठे आणि घट्ट होतात. हेच सल्फेशन. फार जुनं नसेल, तर कमी करंटवर बराच वेळ चार्जिंगला ठेवलं की ते बऱ्यापैकी सुटतं. वडिलांच्या मेकॅनिकनं पावडर टाकून बॅटरी रात्रभर आणि दुसरा दिवसभर हळू चार्जिंगला लावली होती. काम केलं चार्जिंगनं, नाव झालं पावडरीचं.

अमेरिकेत याच गोष्टीवरून मोठं रण माजलं होतं. कॅलिफोर्नियातले जेस रिची 'एडी-एक्स-टू' नावाची पावडर विकत. त्यात मुख्यतः सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट; यातलं मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे आपण पिकावर फवारतो तेच. तिथल्या सरकारी मानक संस्थेनं तिचा उपयोग नाही म्हटलं, तर 1953 मध्ये वाणिज्यमंत्र्यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच राजीनामा द्यायला लावला. शास्त्रज्ञ खवळले, ॲस्टिन परत आले, आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनंही पावडर निरुपयोगी ठरवली. मोजमापासाठी माणसानं खुर्ची पणाला लावली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मात्र बॅटरीला गुण देणारी द्रव्यं खरोखर आहेत. पूर्वी प्लेटांच्या मधे लाकडाच्या पातळ चकत्या असत. त्या काढून रबराच्या घातल्या, तर निगेटिव्ह प्लेटची ताकद घटली. लाकडातलं लिग्निन ॲसिडमध्ये उतरून निगेटिव्ह प्लेटच्या शिशाला सच्छिद्र ठेवत होतं, हे तेव्हा उमगलं! म्हणून आज लिग्निनपासूनच बनवलेलं लिग्नोसल्फोनेट, बेरियम सल्फेट आणि कार्बन कारखान्यातच निगेटिव्हच्या लगद्यात कालवतात. काही उत्पादक ॲसिडमध्ये थोडं सोडियम सल्फेटही घालतात. बॅटरी पार उतरली तर पुढच्या चार्जिंगला शिशाचे काटे वाढून प्लेटा शॉर्ट होऊ नयेत, एवढ्यापुरतं. खडे झालेली बॅटरी त्यानं उठत नाही.

तेव्हा पावडरीआधी हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी काचेची नळी, घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, प्लग काढा, रबरी फुगा दाबून प्रत्येक सेलमधलं ॲसिड काचेत ओढा. सगळीकडे 1.260 च्या पुढे आकडा आला तर बॅटरी ठीक आहे. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नको. पाच सेल 1.260 आणि एक 1.150 वर अडकला, वर काचेत तपकिरी गाळ तरंगताना दिसला, तर तो प्लेटांवरून झडलेला माल आहे. तो परत प्लेटवर बसवणारी पावडर कुठल्याच दुकानात मिळत नाही.