कडी कुठल्या बाजूला

(पडद्यावर : सोप्यात पसरलेला पेपर, त्यावर बंदुकीचे सुटे भाग. बाहेर पागोळ्यांचा आवाज.)

श्रावणातली दुपार. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठावर आमचं घर. आण्णांनी सोप्यात कालचा पेपर पसरलाय आणि गुळाच्या भावाच्या बातमीवर एक पोलादी कडी ठेवलीय. एका बाजूनं सपाट. दुसऱ्या बाजूनं आतली कड जराशी तिरकी तासलेली. डोळ्याला पटकन दिसत नाही, अंगठा फिरवला की कळतं.

ही कडी चुकीच्या जागी बसली आणि वर जोरकस काडतूस उडवलं, तर बंदुकीचं पुढचं लाकूड तडकतं. लाकूड अक्रोडाचं, बेल्जियममधून आलेलं. तडकलं तर दुसरं आणायचं कुठून, याला आमच्याकडे उत्तर नाही. म्हणून आधी कडी.

(पडद्यावर : नळीवरचा ठसा, अगदी जवळून.)

ही ब्राउनिंग. 12 बोअर, सेमी-ऑटोमॅटिक. गावात कुणी हिला 'ऑटोमॅटिक' म्हणतं, कुणी 'पाच बारांची'. चार काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात, एक नळीत, असे पाच. पण ऑटोमॅटिक म्हणणं खरं नाही. चाप एकदा ओढला की एकच बार होतो, पुढच्या बाराला चाप पुन्हा ओढावा लागतो. यंत्र फक्त रिकामं काडतूस फेकतं आणि नवं पुढे सरकवतं. दुनळी असती तर हे काम हातानं झालं असतं.

आण्णांना विचारलं, आत नक्की काय होतं? त्यांनी दोन मुठी एकमेकींना चिकटवल्या. पुढची मूठ नळी, मागची बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग. बार झाला की दोन्ही जोडीनंच मागं येतात, काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त. मग मागची मूठ तिथंच अडकते, पुढची एकटी जाग्यावर जाते आणि त्या फटीतून रिकामं काडतूस उडतं. शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढं येतो. आण्णांचे हात थांबले. "एवढंच हाय. पर हे एवढं करायला त्या माणसानं किती डोस्कं लावलं असंल बघ की!"

तो माणूस जॉन ब्राउनिंग. अमेरिकेतल्या युटाचा, बंदूक दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा. 1900 च्या सुमारास हे यंत्र घेऊन तो विंचेस्टर कंपनीकडे गेला, पण प्रत्येक बंदुकीमागं रॉयल्टी द्यायला कंपनी तयार झाली नाही. मग रेमिंग्टनकडे. 1902 च्या जानेवारीत तो तिथं बाहेर ताटकळत बसलेला असताना आत कंपनीचे प्रमुख हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. शेवटी नमुना घेऊन त्यानं थेट बेल्जियम गाठलं. लिएज शहराजवळच्या हेरस्टाल इथल्या एफएन कारखान्यानं ही बंदूक बनवायला घेतली. ऑटो-5 हे तिचं नाव. ती 1998 पर्यंत बनत राहिली. ब्राउनिंग स्वतः 1926 मध्ये त्याच हेरस्टालमध्ये वारला.

आमच्या घरात ती आली आबांच्या काळात. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढच्या काही वर्षांत बऱ्याच वाड्यांमधलं बरंच काही विकायला निघालं. आबांनी काय दिलं, कुणाला दिलं, यावर आमच्या घरात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यातल्या एकीत म्हैस आहे. मी ती गोष्ट सोडून देते.

(पडद्यावर : दाजीपूरचं जंगल, धुकं. मग नवा राजवाडा, बाहेरून.)

कोल्हापूरला शिकारीचं वेड जुनं. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात काचेआड उभी असलेली जनावरं शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी पाहिलीत. दाजीपूरचं जंगलही छत्रपतींच्या शिकारीचं. 1958 मध्ये तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार जवळजवळ संपलीच. आज उसात डुक्कर शिरलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही. म्हणजे ही बंदूक ज्या कामासाठी जन्मली, ते काम आण्णा शाळेत जात होते तेव्हाच गेलं.

नेमबाजी मात्र कोल्हापुरात जोरात आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि 2024 मध्ये पॅरिसहून कांस्य घेऊन आलेला कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. पण ती दुनिया रायफल आणि पिस्तुलाची. छऱ्याच्या बंदुकीचा खेळ वेगळा, त्यात हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडायच्या असतात. आमच्या बंदुकीनं तसली चकती कधी बघितलेलीसुद्धा नाही.

(पडद्यावर : परवान्याचं पुस्तक. पानापानावर शिक्के.)

आता कायदा. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम. साधी छऱ्याची बंदूक, नळी 20 इंचांपेक्षा आखूड नसलेली, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागता येते. पीक राखायला ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, मागता येते. सेमी-ऑटोमॅटिकला मात्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात वेगळ्या, कडक गटात बसवलंय. नळीची लांबी तीच, काडतूस तेच, छरे तेच. फरक फक्त त्या दोन मुठींचा. पण तेवढ्यानं कागदाचं वजन दुप्पट होतं.

कायद्यावर माझा राग नाही. पाच बार पटापट टाकणारी वस्तू गल्लोगल्ली असावी असं मलाही वाटत नाही. वरातीत हवेत बार काढणारे आमच्या भागातही होऊन गेले. 2019 च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला, ते बरंच झालं. पण त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, आणि आण्णांच्या पुस्तकात तीन होत्या. ठासणीची, दुनळी आणि ही. एक वर्षाची मुदत होती.

आण्णा आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. दुनळी सर्वांत कामाची, सर्वांत कमी कटकटीची. काही बिघडलं तर तिचे भाग मिळतात, कारण त्या आजही भारतात बनतात. शहाणा माणूस दुनळी ठेवतो. आण्णांनी दुनळी दिली. दुकानदारानं जी किंमत सांगितली, ती ऐकून आई म्हणाली, तेवढ्यात दोन पितळी घागरी येतील. त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, तेवढा एक दिलासा.

(पडद्यावर : तेलाची बाटली, चिंध्या, तांब्याच्या तारांचा ब्रश.)

लोकांना वाटतं बंदूक उडवून झिजते. आमची न उडवता झिजते. जून ते सप्टेंबर इथं भिंतीला हात लावला तरी ओला होतो. चपला बुरसटतात, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. तीच ओल नळीत शिरते.

आबा बंदुकीला खोबरेल लावायचे. घरात तेच होतं. डिसेंबरात ते गोठायचं, उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि वर्षानुवर्षं साचून त्याचा आत गोंद झाला. आण्णांच्या हाती आली तेव्हा बोल्ट पुढं जायचा तो आजारी माणसासारखा. तो गोंद काढायला त्यांना रॉकेल, चिंध्या आणि एक अख्खा मे महिना लागला. आता शिलाई मशीनचं पातळ तेल. तेही नळकांड्यावर बोटभर नाही, नुसता हात फिरवल्यासारखं. नळकांड्याभोवती मोठी स्प्रिंग असते आणि तिच्यापुढं कांस्याची चिरलेली कडी. मागं येणाऱ्या नळीला ती घासून आवर घालते. तेल जास्त झालं की ती घसरते आणि सगळा दणका लाकडावर येतो. अगदी कोरडं ठेवलं तर नळी पुरती मागं येत नाही आणि काडतूस अडकतं.

पोलादी कडीचं कामही याच आवर घालण्याचं. जोरकस काडतूस असेल तर ती स्प्रिंग आणि कांस्याच्या कडीच्या मध्ये बसवायची, तिरकी बाजू कांस्याकडं. मग ती कांस्याला दाबते. हलकं काडतूस असेल तर ती तिथून काढून स्प्रिंगच्या मागं, यंत्राच्या डब्याला टेकवून ठेवायची. आण्णांनी पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय. पेन्सिलीनं चित्र आणि खाली : 'भारीला मधी. हलक्याला मागं.'

आणखी दोन गोष्टी त्यांनी पदरमोड करून शिकल्या. कापडी किंवा चामडी कव्हरमध्ये बंदूक ठेवायची नाही, कव्हर ओल धरतं आणि गंज आतल्या आत वाढतो. आणि उभी करायची ती तोंड खाली करून, नाहीतर तेल उतरत उतरत दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. आमच्या दस्त्यावर गळ्याशी काळा डाग आहे. तो आबांच्या खोबरेलाचा.

(पडद्यावर : पुराचं पाणी. राजाराम बंधारा.)

2019 चा ऑगस्ट. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. सोप्यात पाणी आलं तसं लोकांनी म्हशी सोडल्या, धान्य माळ्यावर टाकलं. आण्णा पेटी घेऊन उभे. गंमत बघा. सोनं पाहुण्यांकडं ठेवता येतं, म्हैस ठेवता येते. बंदूक ठेवता येत नाही, कारण पाहुण्याकडं परवाना नाही. घरात सोडावी तर वाहून गेल्यावर उत्तर कोण देणार?

त्यांनी ती, तेव्हा घरात असलेल्या बाकीच्या दोघींसकट, खताच्या पोत्यात गुंडाळली, परवान्याचं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये घालून बनियनच्या आत खोचलं आणि बोटीत बसले. बोटीतल्या जवानानं विचारलं, काय आहे? आण्णांनी खरं सांगितलं. जवानानं पोत्याकडं पाहिलं, आण्णांकडं पाहिलं आणि म्हणाला, मांडीवर घेऊन बसा. कोरड्या जमिनीवर उतरल्यावर आमचं कुटुंब छावणीकडं गेलं आणि आण्णा पोलीस ठाण्याकडं, पावती घ्यायला. परत मिळाली तेव्हा पोत्यातल्या ओलीनं नळीवर तांबूस ठिपके आले होते. मसुरीएवढे. ते अजून आहेत. घासून काढले तर खालचा निळा-काळा मुलामाही जाईल, म्हणून आण्णा त्यांना तेल पाजून गप्प बसवतात.

(पडद्यावर : झेंडूची फुलं. पाटावर शस्त्रं.)

खंडेनवमीला ती पाटावर येते. कोयता, विळा, ऊसतोडीची हत्यारं आणि मधोमध ती. हळदकुंकू दस्त्यालाच, नळीला नाही, हा आण्णांचा नियम. कारण कुंकू ओलं लागलं की चोवीस तासांत खाली डाग पडतो. आई म्हणते, देवालासुद्धा अटी घालतो हा माणूस.

2024 मध्ये ती दोनदा ठाण्यात जाऊन आली. मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा. दसरा 12 ऑक्टोबरला झाला आणि तिसऱ्या दिवशी, 15 तारखेला आचारसंहिता लागली. फुलं अजून सुकली नव्हती. सगळ्यांनाच बंदुका जमा कराव्या लागतात असं नाही, जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. आम्हाला नोटीस आली. एकदा ती परत मिळाली तेव्हा दस्त्याला खडूनं नंबर टाकलेला होता आणि भिंतीला टेकवून ठेवल्यानं नळीच्या तोंडाशी चुना. कुठलं ठाणं ते सांगत नाही. तिथल्या हवालदारालाही त्या खोलीत चारशे गोष्टी सांभाळायच्या असतात. पण आण्णांनी त्या रात्री जेवण उशिरा केलं.

(पडद्यावर : काडतुसांचा डबा. आण्णा मोजताहेत.)

काडतुसं खडकीच्या कारखान्याची, शक्तिमान. किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं. डब्यात तळाशी आबांची चार जुनी आहेत, कागदी कवचाची. ओलीनं फुगलीत, नळीत शिरणार नाहीत. त्यांचाही हिशेब आहे, म्हणून तीही दर वेळी मोजली जातात.

आण्णांना यंदा सत्तर पूर्ण झाली. नियम सांगतो, सत्तरी गाठली किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं, तर हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. भावाला नको आहे. तो पुण्याला फ्लॅटमध्ये राहतो, त्यानं ना-हरकत लिहून दिली. अर्ज माझा. सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं, डॉक्टरचा दाखला काढला, पोलीस चौकशीला घरी येऊन गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, तुम्हाला कशाला पाहिजे?" मी म्हटलं, पुसायला. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

निकाल यायचाय. तोवर आण्णा समोर असतील तरच मी हिला हात लावते. पेटीची किल्ली त्यांच्याच करगोट्याला.

(पडद्यावर : पुन्हा सोपा. पेपर. आता हात तरुण बाईचे.)

आज ते मला जोडायला सांगतात. आधी नळी आणि नळकांडं रिकामं आहे ना, ते डोळ्यानं बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. मग स्प्रिंग. मग कडी. मग कांस्य. नळी सरकवली, लाकूड चढवलं, पुढची टोपी आवळली. बोल्ट ओढून सोडला. छान खणखणीत आवाज आला. मी आण्णांकडं बघते.

ते पेपरावर बोटानं धूळ झटकत बसलेत. मग म्हणतात, "तिरकी बाजू कुणीकडं केलीस?"

मला आठवत नाही.

"उघड परत."