कोल्हापूरचं भंगार जातंय कुठं?

सकाळी मंगळवार पेठेत, राजारामपुरीत, जवाहरनगरात घंटागाडीचा आवाज आला की लोकं बादल्या घेऊन दारात येतात, आणि त्या दोन मिनिटांतच पुढचं निम्मं काम ठरून जातंय. पुठ्ठा कोरडा आला तर त्याला गिऱ्हाईक आहे. त्याच पुठ्ठ्यावर रात्रीच्या तांबड्या रश्श्याचा तवंग सांडला की संपलं, कारण कागदाचा लगदा करताना तेल काही सुटत नाही आणि मग तो पुठ्ठा घेतोय कोण. 2016 च्या घनकचरा नियमांत घरातच ओला, सुका आणि घातक असं तीन ठिकाणी वेगळं करायचं म्हणून लिहिलं होतं, पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यायचे हे पण लिहिलं होतं. ते कशासाठी, हे कळायला गाडीमागं जायची गरज नाही, गाडी भरल्यावर जी माणसं त्या ढिगात हात घालतात त्यांचे हात बघितले तरी पुरे.

काही माल घंटागाडीपर्यंत पोचतच नाही. रद्दी, डबे, बाटल्या दारावर येणारा भंगारवाला वजन करून नेतो, त्याचा रोख व्यवहार. त्याच्याही आधी पहाटे पोतं घेऊन निघालेल्या बायका असतात, कोंडाळ्याभोवतीची, बाजारातली, मंगल कार्यालयामागची बाटली त्या वेचतात. या बायका दिवसभर चालून शहराचं जे वजन उचलतात त्याचा हिशोब कुठल्याच कागदावर नसतो आणि हे बरोबर नाही, असं मला स्पष्ट वाटतंय.

हा सगळा माल येतो भंगारच्या गाळ्यावर. आता इथं नीट बघा, कारण खरी कारागिरी इथं चालते.

तिथं माल निवडणाऱ्या मावशी एक बाटली उचलतात, दाबतात, कानाजवळ वाजवतात आणि बघता बघता ती बरोबर त्या पोत्यात जाऊन पडते. आपल्याला सगळं प्लास्टिक सारखंच दिसतंय. त्यांना नाही. पाण्याची बाटली पेट या जातीच्या प्लास्टिकची, तिचं झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं, शाम्पूचा डबा एचडीपीई, दुधाची पिशवी एलडीपीई, नळाचा पाइप पीव्हीसी. हे वेगळं का करायचं तर प्रत्येकाचं वितळायचं तापमान निराळं. पेट वितळायला अडीचशे डिग्रीच्या वर उष्णता लागते, आणि त्यात पीव्हीसीचा थोडा जरी तुकडा गेला तरी तो तिथं जळतो, आम्ल सोडतो आणि सगळा माल पिवळा पडतो. मशीन पण खराब होते. झाकणाचं मात्र सोपं असतंय, बाटल्यांचे तुकडे करून पाण्याच्या टाकीत सोडले की पेट बुडतं आणि झाकणाचं प्लास्टिक वर तरंगतं.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकत राहू दे. तो टिचभर तुकडा कुणालाच वेचता येत नाही, गटारात जातो आणि तिथून पंचगंगेत. पिशवी धुऊन वाळवून ठेवली तर तिला भाव आहे. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला मात्र जवळपास कुणी विचारत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही.

आणि फुटकी काच! ती जाड कागदात गुंडाळून, वर लिहून वेगळी द्या. एवढंच करा.

धातूच्या बाजूला पहिलं हत्यार चुंबक. चिकटलं ते लोखंड नाहीतर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, न चिकटलेल्यात जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भांडी, तांबं, पितळ, आणि बऱ्याचदा चांगलं स्टील पण चिकटत नाही, म्हणून मग रंग बघायचा, कानशीनं घासायचं, वजन हातात तोलायचं. जर्मन परत वितळवून वापरलं तर खनिजापासून नवीन बनवण्याच्या मानानं जवळजवळ 95 टक्के ऊर्जा वाचते, म्हणून त्याला इतका भाव. तांब्याच्या वायरी मात्र काही ठिकाणी अजून जाळतात, कोटिंग जाऊन तांबं मोकळं व्हावं म्हणून, आणि त्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखं विष असतंय. वायर सोलायला वेळ लागतो खरा, पण जाळणाऱ्याच्याच छातीत तो धूर आधी जातोय.

लोखंड आणि बीड यांचा रस्ता कोल्हापुरात लांबचा नाही. ऑइल इंजिनासाठी गाजलेलं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, सगळीकडं फाउंड्र्या. मोडका पंप, जुनी बिडाची पाइप, गंजलेली शेगडी भट्टीत जाते, चौदाशे डिग्रीच्या आसपास रस होतो आणि गाडीचा नाहीतर ट्रॅक्टरचा पार्ट होऊन बाहेर पडतो. पण भट्टीवाला आधी माल चाळून घेतो, कारण भंगारात एखादा बंद डबा, तोंड दाबलेली पाइप किंवा ओला तुकडा गेला तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळता रस उडून माणसांच्या अंगावर येतो. गाळ्यावर डबा फोडून, ठोकून सपाट करतात ना, त्या ठोकण्यावर भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराचा जीव अवलंबून आहे.

आता घर पाडायचं काम बघू. शिवाजी पेठेत, गंगावेशीत जुनं घर उतरवायला घेतलं की ठेकेदार आधी सगळं घर फिरून बघतो. सागवानी तुळया, चौकटी, दारं, मंगलोरी कौलं, घडीव काळा दगड याला लगेच मागणी असते, कधी कधी तर पाडायचा खर्च त्यातूनच निघतो. जुनी वीट चुन्यात नाहीतर मातीत बसवलेली असेल तर दोन ठोक्यांत मोकळी होते, पुसून परत वापरायची. सिमेंटमधली वीट सुटत नाही, फुटते. स्लॅब फोडून सळ्या काढतात, हातोड्यानं सरळ करतात, त्या भट्टीला गेल्या तर उत्तम, पण वाकवून सरळ केलेली सळी परत घराच्या कॉलमला घालू नये. सिमेंटचे जुने पत्रे मात्र फोडू नका, आख्खे उतरवा, ओले करून उतरवा. त्यातल्या बऱ्याच पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतंय, त्याची धूळ फुफ्फुसात बसली की बाहेर येत नाही.

हे सगळं निघून गेल्यावर उरतो राडा. काँक्रीट, गिलावा, फरशीचे तुकडे. खरं तर तोही माल आहे, काँक्रीट भरडून खडी होते आणि आयएस 383 या मानकानं 2016 पासून ती वापरायला परवानगी दिलीय, सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम 25 या मजबुतीच्या ग्रेडपर्यंतच, 20 टक्के. अट एकच, राडा वेगळा पाहिजे. पीओपीचं छत त्यात मिसळलं तर त्यातलं सल्फेट नवीन काँक्रीटला आतून फोडतं. माती मिसळली तर सिमेंट नीट धरत नाही.

पण बाथरूमच्या फरश्या बदलल्या, चार-पाच पोती राडा निघाला, तर तो टाकायचा कुठं? मग रात्री एखादा टेंपो येतो आणि तो राडा ओढ्याच्या काठाला, जयंती नाल्याच्या कडंला, पंचगंगेच्या पूररेषेतल्या मोकळ्या जागेत ओतून जातो. 2019 आणि 2021 ला पाणी 43 फुटांची धोका पातळी कितीतरी ओलांडून शहरात घुसलं होतं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाण्याला पसरायची जी जागा ती आपण पोत्या-पोत्यानं भरत आलोय. 2016 च्या बांधकाम राड्याच्या नियमांत मोठ्या कामांना, म्हणजे दिवसाला 20 टन किंवा एका कामाचा महिन्याला 300 टन राडा निघत असेल तर, तो वेगवेगळा करून ठेवायचं बंधन होतं, आणि राडा गोळा करायला योग्य ठिकाणी कंटेनर ठेवायचं काम स्थानिक संस्थेवर टाकलं होतं. तो कंटेनर प्रत्येक भागात, चालत पोती नेता येतील इतक्या जवळ पाहिजे, आणि त्यावर काँक्रीट कुठं टाकायचं आणि पीओपी कुठं, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं पाहिजे.