द प्रॉफेट: 180 च्या वेगावरून 150 वर उतरलेला डीजे

नमस्कार मंडळी. बोलण्याआधी एक आवाज ऐका.

(इथे तीन सेकंद नुसती हार्डकोर किक)

स्पीकर फाटलाय असं वाटलं ना? तुमचा स्पीकर ठणठणीत आहे. हा आवाज मुद्दाम फाडलेला आहे, आणि या फाटक्या आवाजावर नेदरलँड्समध्ये हजारो पोरं रात्ररात्र नाचली. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय, त्या डोव्ह एल्काबासची अख्खी कारकीर्द याच आवाजावर उभी आहे. जन्म 1968 चा. स्टेजवरचं नाव द प्रॉफेट.

त्याच्याकडे वळण्याआधी हा आवाज होतो कसा ते बघू, म्हणजे पुढची गंमत कळेल. रोलंड कंपनीचं टीआर-909 नावाचं ड्रम मशीन 1983 मध्ये आलं. त्यातली किक, म्हणजे मोठ्या ढोलासारखा खालचा ठोका, तशी सभ्य, स्वच्छ, गोल आवाजाची. नव्वदीतल्या डच पोरांनी ती मिक्सरमध्ये घातली आणि गेन, म्हणजे सिग्नलची ताकद, चढवत नेला. एका मर्यादेनंतर मिक्सरला तो सिग्नल झेपत नाही. लाटेचा गोल माथा वरून कापल्यासारखा सपाट होतो.

(स्क्रीनवर: गोल लाट, शेजारी सपाट माथ्याची लाट)

हा माथा कापला गेला की मूळ आवाजात नसलेले वरचे सूर त्यात घुसतात. मग नुसता धप्प आवाज राहत नाही, मागे एक चिरका, लांबणारा हुंकार येतो. इक्वलायझर फिरवायचा, पुन्हा फाडायचं, पुन्हा फिरवायचं. झाली गॅबरची किक तयार.

गॅबर म्हणजे डच हार्डकोर, अतिवेगवान इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत. त्याचं माहेर बहुतेक जण रॉटरडॅम सांगतात. तिथला पार्कझिख्ट क्लब, आणि डीजे पॉल एल्स्टाकने 1992 मध्ये काढलेलं रॉटरडॅम रेकॉर्ड्स हे लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी. पण त्याची जत्रा भरवली आयडी अँड टी या कंपनीने. 3 ऑक्टोबर 1992 ला हेरेनव्हेन गावातल्या थियाल्फमध्ये थंडरडोम नावाची पहिली मोठी पार्टी झाली. थियाल्फ म्हणजे खरं तर आइस स्केटिंगचं स्टेडियम, डच स्केटर जिथे पदकांसाठी घाम गाळतात तेच! तिथे गुळगुळीत टक्कल केलेली, रंगीत ट्रॅकसूट आणि एअर मॅक्स बूट घातलेली पोरं पायांची अशी झटपट उचलठेव करत नाचायला लागली, की कंबरेवरचं अंग जवळजवळ स्थिर. या नाचाला हाकेन म्हणतात. घरी करून बघा, दोन मिनिटांत पोटऱ्या बोलतात.

या थंडरडोमच्या काळात चार डीजेंचं एक टोळकं गाजलं, त्याचं नाव ड्रीमटीम: डॅनो, गिझ्मो, बझ फझ आणि आपला प्रॉफेट. थंडरडोमच्या सीडी दुकानादुकानांत पोहोचल्या आणि पार्टीत पाऊल न ठेवलेल्या शाळकरी पोरांच्या खोलीतही ही नावं गेली. सीडीवरच्या जादूगाराचा लोगो लोकांनी अंगावर गोंदवून घेतला. आता इतकं चालत असताना माणूस काय करेल? तेच वाजवत राहील.

पण नव्वदीच्या उत्तरार्धात गाडी घसरली. 1995 मध्ये एल्स्टाकचं ‘रेनबो इन द स्काय’ आलं, गोड चालीचं, टीव्हीवर सतत दिसणारं. त्यापाठोपाठ गॅबरची टिंगल करणारी गाणीही हिट झाली. काल जो संगीताला घाबरत होता, तो आज त्यावर हसायला लागला. शिवाय टक्कल आणि काही टोळक्यांच्या अंगावरची राष्ट्रवादी चिन्हं बघून गॅबर म्हणजे वंशद्वेषी, असा शिक्काही बसला. खुद्द गॅबरमंडळींनी वंशवादाविरुद्ध घोषणा छापल्या, तरी एकदा चिकटलेला शिक्का लवकर धुतला जात नाही.

अशा वेळी बरेच जण आणखी वेगात, आणखी कर्कश वाजवायला लागले. प्रॉफेट उलट दिशेला गेला आणि वेग कमी करून हार्डस्टाइल या त्याच घराण्यातल्या संथ शैलीकडे वळला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच.

कसा, ते आकड्यांत बघा. मिनिटाला 180 ठोके असले की दोन ठोक्यांमध्ये साधारण 333 मिलिसेकंद मिळतात. 150 वर उतरलात की 400. फरक फक्त 67 मिलिसेकंदांचा, डोळ्याची पापणीही याहून सावकाश मिटते. पण किकच्या मागचा तो हुंकार आठवतोय? 180 वर तो संपायच्या आत पुढचा ठोका येऊन आदळतो. 150 वर त्याला श्वास घ्यायला जागा मिळते. सुरुवातीच्या हार्डस्टाइलने या जागेत बास भरला: ठोक्यावर किक, दोन ठोक्यांच्या मधोमध बास. याला रिव्हर्स बास म्हणतात. पुढे तर किकच्या शेपटालाच सूर लावला गेला. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून तबला गायकाच्या सुरात लावतो ना, तसंच. फक्त इथे चाल बदलेल तसा किकचा सूरही गाण्याच्या मधेच बदलत जातो.

(इथे हार्डस्टाइल किक, चार वेगळ्या सुरांत)

ऐकलंत? ठोका स्वतःच गातोय.

2002 मध्ये प्रॉफेटने स्कॅनट्रॅक्स हे लेबल काढलं. आता थोडं स्पष्ट बोलतो. त्याची स्वतःची गाणी मला ठीकठाक वाटतात. ‘हार्डस्टाइल बेबी’ मजेदार आहे, पार्टीत चालतं, पण अंगावर काटा वगैरे येत नाही. त्याचा कान मात्र जबरदस्त. विलेम रेबर्गेन, म्हणजे हेडहंटर्झ, याच लेबलवर मोठा झाला. वाइल्डस्टाइल्झही इथलाच. दोघांनी मिळून 2008 मध्ये प्रोजेक्ट वन नावाचा अल्बम केला आणि हार्डस्टाइलमध्ये मोठ्या, भावुक चाली आल्या. आर्नेमच्या गेलरेडोम स्टेडियममधल्या क्लायमॅक्स पार्टीला गर्दी गळा फाडून याच वळणाच्या चाली गायची, आणि बिडिंगहाउझेनच्या डेफकॉन.1 महोत्सवात आजही गाते.

प्रॉफेटने उपलेबलं काढली: सिल्व्हर, इव्होल्युशन्झ, इटलीतल्या निर्मात्यांसाठी स्कॅनट्रॅक्स इटली. हेडहंटर्झसाठी तर वेगळं, स्वतंत्र उपलेबल. वयाने सतरा वर्षांनी लहान पोराला, जो उद्या आपल्यापेक्षा वरच्या क्रमांकावर जाणार हे दिसतंय, त्याला स्वतःची पाटी लावून द्यायची. आपल्या धंद्यात हे किती जण करतील, कमेंटमध्ये सांगा. पुढे हेडहंटर्झ आणि वाइल्डस्टाइल्झ दोघंही स्कॅनट्रॅक्स सोडून गेले. लेबल चालत राहिलं.

ऐकायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी सुरुवातीच्या थंडरडोम सीडींपैकी कुठलीही एक. मग ‘हार्डस्टाइल बेबी’. मग प्रोजेक्ट वन. शेवटी प्रॉफेटचं ‘लिसन टू युअर हार्ट’. हेडफोन बरे घ्या, मोबाइलच्या स्पीकरवर किकचं शेपूट ऐकूच येत नाही. आणि आवाज आधी कमी ठेवा, शेजारी भांडायला आले तर माझं नाव सांगू नका.