फ्रॉमर स्टॉप आणि त्याचा साधा वारस

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या महायुद्धाआधीच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत सम्राट एक, पण सैन्यं तीन. दोन्ही राज्यांचं सामाईक सैन्य, ऑस्ट्रियाचं लँडवेर आणि हंगेरीचं होनवेद. आपलं वेगळेपण मिरवायची संधी हंगेरी सहसा सोडत नसे. सामाईक सैन्याकडे श्टायर या ऑस्ट्रियन कारखान्याचं पिस्तूल आलं, तर होनवेदनं १९१२च्या सुमारास बुडापेस्टच्याच कारखान्यातलं पिस्तूल घेतलं. नाव फ्रॉमर स्टॉप, रचनाकार रुडॉल्फ फ्रॉमर.

दिसायला हे पिस्तूल विचित्रच. नळीच्या वर आणखी एक नळकांडं, त्यात स्प्रिंगा. पण खरी गंमत आत आहे. गोळी सुटली की नळी आणि तिला जखडलेला बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, जोडीनंच पार मागेपर्यंत येतात. तिथं बोल्ट अडतो आणि नळी एकटी पुढं सरकते. रिकामी पुंगळी मागंच राहते आणि बाहेर फेकली जाते. नळी जागेवर पोचल्यावरच बोल्टची सुटका होते. तो नवं काडतूस ढकलत पुढं येतो, त्याचं डोकं फिरतं आणि पुन्हा कुलूप बसतं. हे सगळं पापणी लवायच्या आत!

आणि कशासाठी? ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी. मापानं ते अमेरिकी रचनाकार ब्राउनिंगच्याच काडतुसासारखं, फक्त दारू जरा जोमदार. तेवढ्या ताकदीला ब्राउनिंगची पिस्तुलं निव्वळ स्लाइडचं, म्हणजे वरच्या सरकत्या भागाचं वजन आणि एक स्प्रिंग यांवर भागवत होती. फ्रॉमरची पद्धत फ्रेंचांच्या शोशा मशीनगनमध्ये होती. एवढ्याशा पिस्तुलात ती घालणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं, असं मला तरी वाटतं. तरीही होनवेदनं महायुद्ध याच पिस्तुलावर काढलं.

पुढं साम्राज्य मोडलं. १९२०च्या त्रियानोन तहात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला. त्यानंतर फ्रॉमरनंच आपला सगळा गुंता बाजूला ठेवला. १९२९चं मॉडेल नऊ मिलिमीटर शॉर्ट काडतुसाचं. कुलूप नाही, फिरणारा बोल्ट नाही. स्लाइड धक्क्यानं मागं जाते, स्प्रिंग तिला परत आणते. विषय संपला! यातूनच १९३७चं मॉडेल, म्हणजे ३७एम निघालं. ते सैन्यात दाखल होण्याआधीच, १९३६ साली फ्रॉमर वारला.

३७एमची मूठ पाहण्यासारखी आहे. मागच्या बाजूला एक पट्टी असते. मूठ नीट आवळून ती दाबली गेली तरच चाप चालतो. मॅगझिनच्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीच्या बुडाशी पुढं आलेली चोच असते, करंगळी टेकवायला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या हवाई दलासाठी हीच पिस्तुलं ७.६५ मिलिमीटरमध्ये बनू लागली. मुठीतल्या पट्टीवर मात्र जर्मनांचा भरवसा बसेना. त्यांनी स्लाइडखाली डाव्या बाजूला, अंगठ्यानं फिरवायचा वेगळा सेफ्टी खटका बसवून घेतला. जर्मनांसाठीच्या या पिस्तुलांवर कारखान्याचं नाव नसतं. त्याऐवजी असतात जे, एच, व्ही ही तीन जर्मन सांकेतिक अक्षरं.