अळूची सुरळी

हे दव नाही.

सकाळचे सव्वासहा. पुण्यातल्या एका घराची परसबाग, आणि मोरीचं पाणी जातं तिथे माजलेला अळू. पानाच्या टोकाला लोंबणारा हा थेंब आभाळातून आलेला नाही. रात्रभर मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी अळूनंच बाहेर टाकलंय. उन्हं वर आली की तो गेला. म्हणून चहा नंतर.

कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारीकसारीक मोठं करून टिपणारी लेन्स, लावली की फूटभर बाग पुरते. पण इतक्या जवळून नीट दिसतं ते जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर. मुंगीचा डोळा स्पष्ट, तर पोट धूसर. वाऱ्याची झुळूक आली, फोटो गेला. आपल्या श्वासानंही कॅमेरा हलतो. श्वास हळू सोडायचा आणि तो संपता संपता बटण दाबायचं. याला ध्यान वगैरे म्हणायला मला संकोच वाटतो. पण तेवढ्या वेळात फोन आठवत नाही, हे खरं.

श्रावण. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडलीय. थांबा... शीट सरकतेय! ही कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. लहान असताना हे सोंग घेतलं की पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. चार वेळा कात टाकून झाली की सोंग बदलतं. अळी हिरवीगार होते आणि पानांत असूनही सापडत नाही. आई फोडणीसाठी डहाळी तोडायला आली, की आधी मी एकेक पान उलटून बघतो. तेल तिकडे तापून धुरावतं. आमच्याकडे यावरून शब्दाला शब्द झालेत.

भाद्रपदात प्राजक्त. सडा सगळेच टिपतात. मी देठापाशी रेंगाळतो. या केशरी देठांपासून पूर्वी कापड रंगवायचे.

थंडीत वाळलेला झेंडू उकला. आपण जिला पाकळी म्हणतो, ते एकेक वेगळं फूल. प्रत्येकाच्या तळाशी काळं, काडीसारखं बी.

वैशाखात अळूही मान टाकतो. भेगाळलेली माती, येजा करणारी एक मुंगी, आणि पालथा पडलेला मी. शेजारच्या काकू गच्चीतून विचारतात, "काही हरवलंय का रे?"

मे संपता संपता त्याच मातीतून एक हिरवी सुरळी वर येते. अजून उलगडलेली नाही.

उद्या सव्वासहाला.