डाग न पडण्याची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

बाळ जन्मून दोन दिवस झालेत, पण शी झालेली नाही. पोट टम्म फुगलंय, उलटी हिरवी होतेय. अशा वेळी डॉक्टरांना हिर्शस्प्रुंगच्या आजाराची शंका येते. कोपनहेगनचे हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये अशा दोन मुलांची हकिगत मांडली होती. साधारण ५००० बाळांमागे एकाला हा आजार असतो. आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच तयार झालेल्या नसतात; तो भाग आवळलेलाच राहतो आणि मळ पुढे सरकत नाही.

आता एखादी गोष्ट ‘नाही’ हे कसं सिद्ध करायचं? पूर्वी बायॉप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी आतड्यातून काढलेल्या, इवल्याशा तुकड्याचे कितीतरी काप तपासत बसावं लागे, आणि नवजात बाळाच्या चेतापेशी इतक्या लहान की सहज नजरेतून सुटतात.

इथे कामी येतं कॅलरेटिनिन. हे कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन १९८७ मध्ये कोंबडीच्या पिल्लाच्या नेत्रपटलाच्या अभ्यासातून समोर आलं. आतड्याच्या चेतापेशींत आणि त्यांच्या बारीक तंतूंतही ते असतं. त्यालाच नेमकं पकडणारी अँटीबॉडी कापावर सोडायची. मग तिला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी, जिच्यावर एन्झाइम बसवलेलं असतं. शेवटी रंगद्रव्य, जे त्या एन्झाइममुळे तपकिरी होतं. जिथे कॅलरेटिनिन आहे तिथे तपकिरी ठिपके उमटतात, बाकी पेशींची केंद्रकं निळी दिसतात. निरोगी आतड्याच्या अस्तरात हे ठिपके धाग्यासारखे पसरलेले दिसतात. आजारी तुकड्यात एकही नाही.

पण थांबा. अँटीबॉडी खराब झालेली असली तरी रंग येणारच नाही! म्हणून माझा आग्रह असतो, त्याच दिवशी, त्याच बाटलीतून निरोगी आतड्याचा एक कापही रंगवा. तो तपकिरी झाला, तरच बाळाच्या स्लाइडवरच्या कोरेपणावर विश्वास ठेवायचा. याच्या विरुद्ध चूकही होते, नको तिथे रंग येतो. कॅलबाइंडिन हे कॅलरेटिनिनचं जवळचं भावंड; दोघांची रचना निम्म्याहून जास्त सारखी. अँटीबॉडी भलत्यालाच धरत नाही ना, हे बघायला संशोधक कॅलरेटिनिनचं जनुकच काढलेल्या उंदराची ऊती वापरतात. तिथे रंग आला, तर ती अँटीबॉडी बाद.

निदान पक्कं झालं की सर्जन चेतापेशी नसलेला भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली ओढून जोडतात. नेमकं कुठे कापायचं, हे ऑपरेशन चालू असतानाच आतड्याचे तुकडे मायक्रोस्कोपखाली पाहून ठरतं. सर्जन टेबलाशी उभे राहून ते तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या फोनची वाट पाहत असतात.