जाहिरात बघण्याचे पैसे देतं कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

मी बँकेतून निवृत्त झालो त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शिवणकाम करणाऱ्या एक ताई आरडी मोडायला आल्या होत्या. मुदत पुरी व्हायला चारच महिने उरले होते, म्हणून मी कारण विचारलं. त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. पडद्यावर त्यांचं नाव आणि खाली आकडा, १८,४०० रुपये. रोज रात्री जेवणं उरकल्यावर तासभर जाहिराती बघून जमवलेले. "पैसे दिसतात काका, फक्त काढता येत नाहीत. तीन हजार भरले की काढता येतील म्हणतात."

त्या तीन हजारांसाठी आरडी मोडायची होती. मी त्यांना समोर बसवून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. तोच आज तुम्हालाही विचारतो. जाहिरात बघण्याचे हे पैसे मुळात देतं कोण?

साबण विकणारी कंपनी जाहिरात देते ती साबण खपावा म्हणून. इंटरनेटवर जाहिरातीचा भाव बहुतेक वेळा हजार दर्शनांमागे ठरतो. हजार वेळा जाहिरात दिसली की अमुक रुपये. म्हणजे एका माणसाने एकदा बघण्याची किंमत रुपयांत नव्हे, पैशांत मोजावी लागते. आणि जो माणूस फक्त पैशासाठी बटण दाबतो, साबण घेतच नाही, त्याच्यासाठी कंपनीने का खर्च करावा? गूगलच्या जाहिरात सेवेच्या नियमांत तर लोकांना पैशाचं आमिष दाखवून जाहिरातींवर क्लिक करवून घ्यायला मनाईच आहे. तेव्हा "एका क्लिकला पाच रुपये" असं कोणी म्हणालं, तर ते पाच रुपये जाहिरातदाराच्या खिशातून येत नाहीत, एवढं तिथेच ओळखावं.

एक खरं प्रकरण सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने नोएडातल्या एका कंपनीवर कारवाई केली. तिची योजना 'सोशल ट्रेड' या नावाने चालायची. पोलिसांनी तेव्हा सांगितलेला आकडा सुमारे ३,७०० कोटी रुपयांचा होता आणि फसलेले लोक साडेसहा लाखांच्या घरात. सभासद व्हायला ५,७५० रुपयांपासून ५७,५०० रुपयांपर्यंत भरायचे. मग रोज ठरावीक लिंक उघडायच्या, प्रत्येक लिंकला पाच रुपये. आणखी माणसं जोडली की कमाई वाढणार.

कागद-पेन जवळ असेल तर माझ्याबरोबर हिशोब करा. ५७,५०० भरणाऱ्याला दिवसाला १२५ लिंक. पाच रुपयांप्रमाणे रोजचे ६२५ रुपये झाले. म्हणजे ९२ दिवसांत त्याचे स्वतःचेच पैसे त्याला परत मिळाले. त्र्याण्णवाव्या दिवसाचे ६२५ कुठून आणायचे? नव्याने भरणाऱ्या माणसाकडून. एका सभासदाला वर्षभर पैसे द्यायचे तर दोन लाख अठ्ठावीस हजार लागतात. म्हणजे त्याच्या एकट्यासाठी ५७,५०० भरणारी चार माणसं हवीत, एक तो स्वतः आणि तीन नवी. पुढच्या वर्षी त्या चौघांसाठी सोळा. साडेसहा लाखांचे एका वर्षात सव्वीस लाख, दुसऱ्या वर्षी एक कोटीच्या वर, तिसऱ्या वर्षी चार कोटींच्या वर. एवढी माणसं आणायची कुठून? एक दिवस नवे यायचे थांबतात आणि सगळं कोसळतं. चालवणारा कितीही शिकलेला असो, हे गणित कोणालाच सुटत नाही.

आपल्याकडे त्याआधी 'स्पीक एशिया' होऊन गेलं. तिथे जाहिरातींऐवजी ऑनलाइन सर्वेक्षणं होती. वर्षाचे ११,००० रुपये भरा आणि घरबसल्या प्रश्नांची उत्तरं द्या. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०११ मध्ये त्याचा तपास हाती घेतला. कामाचं नाव वेगळं होतं, पण पैसे आधी आपणच भरायचे ही रीत तीच.

आता हीच रीत टेलिग्रामवर आली आहे. अनोळखी नंबरवरून निरोप येतो, 'व्हिडिओ लाइक करा, प्रत्येकी ५० रुपये'. तुम्ही तीन व्हिडिओ लाइक करता आणि खात्यात खरोखरच १५० रुपये जमा होतात. इथेच माणूस अडकतो, कारण पैसे आलेले त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतात. मग 'प्रीपेड टास्क' सुरू होतो. हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. मग पाच हजार, मग वीस हजार, आणि तिथून पुढे तुमची शिल्लक फक्त पडद्यावर वाढते. काढायला गेलात की आधी टॅक्स भरा, खातं गोठलंय ते उघडायला अमुक भरा. ग्रुपमध्ये "मला मिळाले, मला मिळाले" म्हणत स्क्रीनशॉट टाकणारे बहुतेक त्यांचेच लोक असतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा कामाच्या आणि गुंतवणुकीच्या नावाखाली फसवणाऱ्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या. पण नवी वेबसाइट उभी करायला एक दिवसही पुरतो.

म्हणून वेबसाइटचं वय बघायला शिका. 'हू इज' नावाची मोफत सोय आहे. तिथे वेबसाइटचा पत्ता टाकला की तो कधी नोंदवला ते दिसतं. 'गेली दहा वर्षं विश्वासाची' असं लिहिणाऱ्याचा पत्ता मागच्या महिन्यात घेतलेला असेल, तर तिथेच थांबा. पत्ता वाचताना सुरुवातीच्या 'https://' मधल्या दोन तिरप्या रेघा सोडून त्यापुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधीचे शेवटचे शब्द बघा. मालक तिथे कळतो. सुरुवातीला ओळखीच्या कंपनीचं नाव कोणीही चिकटवू शकतं. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्रावरही जाऊ नका. ते कुलूप फुकट मिळतं, आणि तुमची माहिती वाटेत कोणी वाचणार नाही एवढंच सांगतं. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की चोर, हे त्यातून कळत नाही.

माझ्या बँकेतल्या अनुभवावरून सगळ्यात पक्की खूण मात्र वेगळी आहे. यूपीआयने पैसे पाठवताना समोर नाव येतं ते वाचा. कंपनी मोठी म्हणवते आणि नाव येतं कुठल्याशा एकट्या माणसाचं, दर वेळी निराळं. ती भाड्याने घेतलेली खाती असतात. मुलांनो, विशेषतः कॉलेजमधल्या मुलांनो, "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" असं कोणी म्हणालं तर देऊ नका. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून गेला की पोलीस आधी तुमच्या दारात येतात. नातेवाइकांना जोडण्याचंही तसंच. साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे आणि त्यात इतरांना सभासद करून घेणाराही दोषी ठरतो.

त्या ताईंनी आरडी मोडली नाही. पण त्याआधी भरलेले साडेचार हजार गेले ते गेलेच. त्यांना पैशांपेक्षा जास्त लागलं ते घरी सांगता न येणं. नवऱ्याला कळू नये म्हणून त्या तीन महिने गप्प होत्या, आणि त्या गप्प बसण्यातच तक्रारीची वेळ निघून गेली. तुमच्या घरात कोणी असं फसलं तर कृपा करून आधी रागावू नका. पैसे गेल्यावरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत कळवलं, तर बँकेला ते तिथेच अडवता येतात.

कळवायचा नंबर आहे १९३०. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय पत्ता हाताशी ठेवा. टेलिग्रामवरचं संभाषण पुसू नका, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंबर पुन्हा सांगतो, लिहून घ्या. एक, नऊ, तीन, शून्य.

नमस्कार.